दादाच्या रेकॉर्डवरचं कुंकू

बन्नीमंटप, म्हैसूर
मंगळवार

प्रिय तुळसीवहिनी,

पत्र बघून घाबरू नका. इकडे सगळे जिवंत आहेत. वनजाचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच. फोन सोडून मी पत्र का लिहितो असं तुमच्या मनात येईल. माझा फोन आला की यशस्विनी लगेच स्पीकर लावते, जावई ऐकतो, मुलं ऐकतात. मला जे सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. म्हणून पाकिटावर तुमचंच नाव घालतो. अक्षर लागलं नाही तर चष्मा पुसून परत वाचा, पण मुलीकडून वाचून घेऊ नका. मी कानडी शाळेत सातवीपर्यंत गेलेला माणूस. मराठी नुसती बोलायचो. लिहायला तुम्ही शिकवलंत, निपाणीहून नव्या आलात त्या वर्षी, दुपारची भांडी झाली की स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने. त्याच अक्षरांत हे लिहावं लागतं आहे, याचं मला वाईट वाटतं.

दादाच्या वर्षश्राद्धाची तिथी पुढच्या रविवारी आली आहे. जेवणं झाल्यावर त्याची रेकॉर्ड सगळ्यांना ऐकवायची असं यशस्विनीने ठरवलं, आणि मला न विचारता ग्रुपवर टाकूनही दिलं. गेल्या खेपेला तिला ती ट्रंकेत सापडली. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही फिटर ना? वाजवून दाखवा बघू." आणि लगेच हसून, "आईने कुंकू लावून ठेवलंय, तेवढं पुसून घ्या हां." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी पाणी प्यायला आत गेलो. बँडची ती एकच रेकॉर्ड निघाली, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटी दादाचं एकट्याचं क्लॅरिनेट, चार मिनिटांचं. बाकी तो आयुष्यभर लग्नांत, मिरवणुकांत वाजवत हिंडला, ते सगळं हवेत गेलं. तेवढी चार मिनिटं उरली आहेत, आणि ती गंध-कुंकवाखाली होती.

वाजवायचं तर यंत्र हवं. दादाने आपलं जुनं, कुंकू लागलं त्याच महिन्यात विकलं होतं, तुम्हाला आठवत असेल. नवं घ्यायचं म्हटलं तर माझी दोन वर्षांची पेन्शन जाईल. जावई म्हणाला, ऑनलाइन सुटकेसमधला प्लेअर येतो, स्वस्त आणि मस्त. मी अग्रहारातल्या नरसिंहमूर्तीला विचारलं. तो रेडिओ दुरुस्तीवाला, आता रेडिओ कुणी आणत नाही म्हणून मिक्सर दुरुस्त करतो. त्याने मला बसवलं आणि शिव्याच घातल्या. "रायरे, ते वाजवत नाही, चरतं. रेकॉर्ड म्हणजे काय गवत आहे? डबा चमकतो का बघू नका. आहे तो पैसा सुईला घाला. सुई वाईट तर बाकी सगळं गौरी-गणपतीची आरास." मग आम्ही दोघं म्हातारे महिनाभर गल्लोगल्ली फिरलो. टर्नटेबल एका वकिलाच्या माळ्यावरून मिळालं, पट्टा सैल होऊन तुटलेला, पण फिरणारी थाळी जड आणि सरळ. नवा पट्टा बेंगळूरहून मागवला. अ‍ॅम्प्लिफायर नरसिंहमूर्तीच्या दुकानात वीस वर्षं धूळ खात होता, त्याने आतले म्हातारे झालेले भाग बदलून दिले. स्पीकर बंद पडलेल्या एका लॉजमधले, लाकडी, एकावर सिगारेटचा डाग. सुई तेवढी नवी, आणि तीच सगळ्यात महाग. वनजाने किंमत ऐकली आणि म्हणाली, "एवढ्याशा टोकाला? माझी नथ यापेक्षा मोठी आहे."

जोडून लावलं तर आवाज डासासारखा. मी घाबरलो, वाटलं वकिलाने फसवलं. मूर्ती म्हणाला, सुईतून येणारा आवाज फार बारीक असतो, आधी वाढवणारी एक लहान डबी मध्ये लागते, ती राहिली. डबी आणली तर घूं घूं सुरू. दोन दिवस मी तारा उलटसुलट करत बसलो, शेवटी अर्थिंगची तार टर्नटेबलच्या स्क्रूला लावायची राहिली होती. मग लेव्हल. बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त होताना आणलेली बुडबुड्याची लेव्हल काढून मी थाळीखाली कागद घालत गेलो, एक घडी, दोन घड्या. मूर्ती म्हणाला, "एवढी तर तुम्ही लेथसुद्धा लेव्हल केली नसेल. मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत काय?" त्याला काय माहीत. सुईचं वजन किती, सुई धरणाऱ्या दांडीचा तोल किती, सगळं मी तीन-तीनदा मोजलं. रस्त्यावरून आणलेल्या जुन्या रेकॉर्ड त्यावर लावून बघितल्या, छान वाजल्या. यंत्र तयार झालं, आणि माझ्याकडे उशीर करायला काही कारण उरलं नाही.

खरं सांगतो वहिनी, मला ते तयार व्हायलाच नको होतं. एका दुपारी दादाची रेकॉर्ड हातात घेऊन मी अंगणातल्या दगडाजवळ उभा राहिलो. म्हातारा हात आहे, सुटला असं म्हटलं असतं तर कुणी बोललं नसतं. यशस्विनी थोडी रडली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. तेवढ्यात दूधवाल्याने घंटी वाजवली आणि मी आत आलो. माझा चांगुलपणा नव्हे तो, दूधवाला आला म्हणून.

मग धुवायला काढली. मूर्तीने बजावलं होतं, रगडायचं नाही, भिजवायचं. मधल्या कागदी लेबलावर प्लास्टिक बांधलं, बॅटरीत घालायचं पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश. दादाने त्या दिवशी रागाने धोतराच्या सोग्याने पुसलं होतं ना, त्यामुळे वरून सगळं लालसर फासलेलं होतं. ते पहिल्या पाण्यातच सुटलं. मोरीतून लाल पाणी गेलं. खाली मात्र गंध वाळून दगड झालेलं, जसं लावलं तसं राहिलेलं. तीन आडव्या रेघा. दोन लांब, आणि तिसरी आखूड.

वनजा मागे उभी होती. मग तिने माझा उजवा हात पाण्यातून बाहेर काढला आणि बघितला. माझ्या अनामिकेचं टोक लग्नाच्या आधीच्या वर्षी लेथमध्ये गेलं, तेव्हा हळद दाबून धरणाऱ्या तुम्हीच होता. घरात एवढ्या लोकांत तसा हात माझा एकट्याचा.

हो वहिनी, मी लावलं. आयुधपूजेच्या त्या सकाळी कारखान्यातली पूजा उरकून मी घरी आलो. तिथे आम्ही लेथला, पान्यांना, मोजायच्या पट्टीला, कँटीनच्या कढईलासुद्धा तीन बोटं गंध आणि वर कुंकू लावायचो. ज्याच्यावर पोट चालतं ते आयुध, एवढंच मला ठाऊक. आजोबांच्या तलवारीला लागलं होतं, दादाच्या क्लॅरिनेटच्या पेटीला लागलं होतं, शेजारी रेकॉर्ड कोरडीच. मला वाटलं, पेटीला आहे तर हिलाही हवं. पाकिटावर लावलं तर डाग पडेल म्हणून, ऐका माझी अक्कल, म्हणून मी ती पाकिटातून बाहेर काढली. भक्तीनेच लावलं. मग दारात फोडायचा कोहळा आणायला गेलो. परत आलो तर दादा ओरडत होता, आणि पूजेचं ताट तुमच्या हातात, बोटं तुमची लाल. "माझा श्वास होता त्याच्यात, तू कुंकवात चोळलास!" हे त्याचे शब्द. मी कोहळा पोटाशी धरून उंबऱ्यावर उभा होतो. तुम्ही एकदा वनजाकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि म्हणालात, "चुकलं माझं." मला तोंड होतं. मी कोहळा खाली ठेवला, एवढंच केलं.

त्या दिवशी दादा शांत झाला की सांगेन, असं म्हणालो. मग दिवाळीला सांगेन म्हणालो. पुढच्या आयुधपूजेला दादाने ताट तुमच्या हातातून काढून वनजाला दिलं, तेव्हाही मी तिथेच होतो. एकेचाळीस वर्षं तुम्ही त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात, हात पुसत. घरातली पोरं त्यावर थट्टा शिकली. "मोठ्या आईला ताट देऊ नका, टीव्हीला कुंकू लावेल." मी पण हसलो आहे वहिनी. एकदा तर मीच काढली ती थट्टा, आमच्या शरतच्या लग्नात, व्याह्यांसमोर.

तुम्ही का कबूल केलंत, हे मला इतकी वर्षं कळलं नाही. कधी वाटायचं, तुम्हाला माझं माहीत आहे आणि तुम्ही मला सोडून दिलंत. ते मोरीपाशी वनजाने सांगितलं. त्या दिवशी दुपारी तुम्ही तिला मागच्या खोलीत जवळ घेतलंत आणि म्हणालात, "घाबरू नको, मी कुणाला सांगणार नाही. नवी आहेस, तुला काय कळणार." ती तेव्हा चार महिन्यांची सून. तिला वाटलं, भांडण बघून घाबरली म्हणून समजावताय. वहिनी, तुम्हाला वाटलं, ते तिनेच केलं. तिच्यासाठी तुम्ही अंगावर घेतलंत, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. परवा मोरीपाशी बसून ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं वहिनी मला माफ करत होत्या? मी न केलेल्याची?" तेव्हापासून माझं ताट वाढते, पण समोर बसत नाही.

गंध आता पूर्ण निघालं आहे, तीन पाण्यांनी. डाग नाही. आत खाच भरली आहे की दादा शिल्लक आहे, मला माहीत नाही. दुसऱ्या बाजूवर सुई अजून ठेवलेली नाही. मूर्ती रोज विचारतो, मी उद्या म्हणतो.

आता हे का लिहिलं ते सांगतो. मी मला ओळखतो. रविवारी वीस माणसं बसतील, यशस्विनी कुंकवाचं बोलेल, सगळे हसतील, आणि मी वायर बघण्याचं निमित्त करून खाली वाकेन. समोर बोलेन असा माझा भरवसा मला नाही, म्हणून हे पत्र आधी टाकतो. तुम्हाला यायचं नसेल तर येऊ नका, मी दोष देणार नाही. याल तर पत्र पर्समध्ये घेऊन या. सुई ठेवायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगायचं, असं मी वनजाला कबूल केलं आहे. मी गप्प राहिलो तर पत्र यशस्विनीच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला लावा, शरतच्या लग्नाचं सुद्धा. त्यानंतर दादा वाजला तर वाजला. नाही वाजला, तर तो कुणामुळे वाजला नाही हे तरी लोकांना कळेल. पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच आहे. चपला घालून बसलो आहे, शाई वाळायची वाट बघत नाही.

तुमच्याकडून अक्षर शिकलेला, तुमचाच
मल्हार