शर्यतीच्या गाडीतली दुसरी सीट

आई, काल मी तुझ्या धाकट्या बहिणीला प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत बसवलं. हसू नकोस. येलहंक्याच्या एका शेडमध्ये माझी गाडी तयार होतेय. तुझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं ते चित्र आठवतंय? तीच ती हिरवी, बिनटपाची जुनी शर्यतीची गाडी. खरी नव्हे गं, खरी घ्यायची तर आमची अख्खी बिल्डिंग विकावी लागेल. हुबेहूब नक्कल. इंजिन बसलं, पत्र्याचं काम झालं, आता सीट तेवढ्या राहिल्यात. अशा गाडीच्या सीट अंगाच्या मापाने करून घेतात. पिशवीत फेस ओततात, माणसाला त्यात बसवतात, फेस अंगाभोवती फुगतो, घट्ट होतो, की झाला साचा. माझा साचा गेल्याच आठवड्यात झाला. मग सीटवाल्याने विचारलं, "मॅडम, दुसरी सीट कुणाची? माणूस आणा." मी "आणते" म्हणून निघाले.

ते चित्र तू कुठल्याशा मासिकातून कापलं होतंस. एकदा डोसे घालता घालता तू मला विचारलंस, "शर्यतीत एकटाच चालवतो ना गं? मग ही शेजारची सीट कुणासाठी?" मी तेव्हा कॉलेजात, सगळं कळतं असा माज. म्हटलं, "नियम असतो तसा. दोन सीट पाहिजेत म्हणून ठेवायची. बसत कुणीच नाही." तू उलथनं हातात तसंच धरून म्हणालीस, "रिकामीच नेतात होय? मग मला न्यायला काय जातं मेल्यांचं!" आपण दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. डोसा करपला, तो तूच खाल्लास.

तुला वेग आवडायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तुला पुढे बसवायचं काही कुणाला सुचलं नाही. बाबांच्या क्रीम रंगाच्या गाडीत पुढे आजोबा, कारण त्यांचे गुडघे दुखायचे. आजोबा गेले आणि पुढे मी, कारण मला गाडी लागायची. तू मागे, मांडीवर डबा आणि पायाशी पाण्याचा कॅन. गाडी म्हैसूर रोडला लागली की आमच्या दोघांच्या मधून तुझी मान पुढे येते, "अहो, स्वल्प जोरात चला की! टाका त्या लॉरीला मागे." बाबा म्हणतात, "तू डबा सांभाळ." मग मी स्वतःची गाडी घेतली. तुला न्यायला जे. पी. नगरला आले तर पुढच्या सीटवर माझी ऑफिसची बॅग. ती उचलेपर्यंत तू मागचं दार उघडून बसलीससुद्धा. "राहू दे गं, मला सवय आहे." मी राहू दिलं. नंतरही बॅग तिथेच असायची. अशी वर्षं गेली आणि मग तूही गेलीस. एकदा तरी हात धरून म्हणायला हवं होतं, ऊठ, पुढे ये. फार चुटपुट लागून राहिलीये गं.

तर माणूस आणायचा कुठून? मावशीचा बांधा थेट तुझा. तीच उंची, तेच अरुंद खांदे, बसल्यावर तसंच डावीकडे कलणं. इंदिरानगरला जाऊन तिला म्हटलं, "मावशी, जरा एका ठिकाणी बसायला येशील?"

"सरी, येते. चहा देतात का?"

एवढंच विचारून ती चांगली साडी नेसून निघाली. शेडमधली माणसं "निधान, अज्जी, निधान" करत तिला सांभाळून पिशवीत उतरवतायत, आणि ही चपला बाहेर काढून, पदर खोचून, देवळात शिरावं तशी आत! फेस फुगायला लागला तशी ओरडली, "अय्यो, गरम लागतंय गं बुडाला!" सगळे काम टाकून हसले. मला हसू येईना. पाठमोरा तो अंबाडा, तो कललेला खांदा. तूच बसली होतीस, पहिल्यांदा पुढे. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

मग वरचं कापड निवडायचं होतं. सीटवाला काळं चामडं दाखवत होता, जुन्या गाडीला हेच शोभतं म्हणाला. मावशीने त्यावर हात फिरवला. "उन्हात तापलं म्हणजे? ते चौकटीचं कापड आहे ना, ते लाव."

"अगं मावशी, मूळ गाडीत..."

"मूळ गाडीत बसतंय कोण?"

चौकटीचं कापड ठरलं.

निघताना ती सवयीने मागचं दार उघडायला गेली. मी पुढची बॅग मागे भिरकावली आणि म्हटलं, "पुढे बस." हेब्बाळच्या पुलावर ही गर्दी, गाडी नुसती रांगत होती, पण बाईसाहेब काच खाली करून ऐटीत बसल्या होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ब्लाउज सोडून माझ्या मापाचं आजवर कुणी काही केलं नाही गं. माझ्यासाठीच करतेयस ना ही सीट?"

मी "हो" म्हटलं.

आज सकाळी तिच्या शेजारणीचा फोन, "तुमची मावशी शर्यतीत उतरतेय म्हणे!" सगळ्या मजल्यांवर सांगून झालंय तिचं. म्हणजे हे पत्र तिच्या हाती लागून चालायचं नाही, लिहून झालं की फाडून टाकेन. खरं सांगू, आई? तिला बरं वाटावं म्हणून मी "हो" म्हटलं नाही. मनापासून म्हटलं, आणि त्या क्षणी तू मला आठवलीच नाहीस. तुझ्या जागेवरून पुन्हा तुलाच उठवलं मी. आणि या गाडीला मागची सीटच नाहीये.