फादमा आमच्याकडे राहिली तेव्हा

२४ ऑगस्ट २०२३, गुरुवार

आली एकदाची पोरगी! गाडी उशिरा आली, त्यात तिची एक पिशवी डब्यातच राहिली होती. वर्षाने धावत जाऊन ओढली.

नाव फादमा. मोरोक्कोची. "आपल्याकडे फातिमा म्हणतात ना आई, तेच," वर्षा म्हणाली. उंच, हडकुळी, डोळे मोठे. मराकेशच्या कॉलेजात शिकते, गाव मात्र डोंगरात. आमच्या इथल्या लालबागच्या कुंडी भंडाऱ्याचा, जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या बोगद्यांचा, अभ्यास करायला आली आहे; वर्षाचाही तोच विषय. तिकडेही म्हणे जमिनीखालून पाणी नेणारे असेच जुने बोगदे आहेत. शिष्यवृत्तीचा नियमच असा आहे: एक मुलगी तिकडून इकडे येणार, एक इकडून तिकडे जाणार, आणि दोघी एकमेकींच्या घरी राहणार. ही दोन महिने आमच्याकडे. जानेवारीत आमची वर्षा तिच्याकडे.

जानेवारी लिहिताना हात थांबला. जाऊ दे.

हे स्टेशनपासून तिच्याशी हिंदीत बोलत होते, मोठमोठ्याने. जसं काही ओरडलं की समजतं! नेपानगरच्या पेपर मिलमध्ये नोकरीला होते तेव्हा बाहेरचे साहेब यायचे, त्यांच्याशीही असंच बोलत असतील.

२६ ऑगस्ट

भाकरी खाते. ठेचाही खाते! मी पाणी घेऊन उभी, आणि ही हसते.

२ सप्टेंबर, शनिवार

आज मीसुद्धा कुंडीत उतरले. नेपानगर सोडून लालबागेत येऊन इतकी वर्षं झाली, पण आत कधी गेले नव्हते. विहिरीतून खाली सोडणाऱ्या लोखंडी पाळण्यात बसताना वर्षाचा दंड घट्ट धरला. खाली गार, अंधार, आणि पायाशी वाहतं पाणी. फादमाने भिंतीला हात लावला आणि तशीच उभी राहिली. वर्षाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. "तिला घरी आल्यासारखं वाटतंय," वर्षा म्हणाली. तिच्या गावात वरच्या डोंगरातून असंच पाणी येतं. वडील ते साफ करायचे. आता ते नाहीत. आई आहे आणि धाकटी बहीण इज्जा, नऊ वर्षांची.

संध्याकाळी फोनवर तिच्या आईला पाहिलं. डोक्याला रुमाल, गाल लाल, मागे बकरी. ती तिच्या भाषेत सुरू झाली, मी मराठीत. दोघी थांबेचनात! फादमाने काही समजावून सांगितलं नाही, नुसती हसत राहिली. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "काय व, काय बोलल्या इतकं?" मी म्हटलं, पोरींचं.

६ सप्टेंबर

वर्षाचा पासपोर्ट आला. ती नाचतेय. मी डाळ फोडणीला टाकायला आत निघून आले. एकुलती एक. तिकडे आजारी पडली तर? काही झालं तर किती दिवसांनी पोचणार मी? हे म्हणतात, "तिची आई नाही का पाठवत? ती काय दगडाची आहे?" म्हणणं बरोबर आहे. पण भीतीला ते कुठे कळतं!

९ सप्टेंबर, शनिवार

दूध तापत ठेवलं होतं. वर्षा फोन घेऊन आली, तोंड पांढरं. "आई, मोरोक्कोत भूकंप झाला. बहुत बडा."

खरं लिहिते. पहिलं मनात काय आलं, तर वर्षा तिथे नाही. तेच पहिलं. मग अंगणात पाहिलं. फादमा नंबर लावत होती. लावायची, कानाला धरायची, परत लावायची.

दिवसभर टीव्ही चालू. मराकेश, मराकेश. तिच्या गावाचं नाव कोणी घेत नाही. ती म्हणाली, डोंगरातला रस्ता दरडींनी बंद असेल, म्हणून बातमी नाही. म्हणाली आणि परत नंबर लावला.

१० सप्टेंबर, रविवार

दुपारी तिच्या चुलत भावाचा फोन आला. आई गेली. घर पूर्ण पडलं. इज्जा सापडली. पाय मोडला आहे, पण जिवंत. आईला कालच पुरलं.

फादमा रडली नाही. ओट्यावर बसून राहिली. मी शेजारी बसले. पाठीवरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार! मग तिने वर्षाला काही विचारलं. मी म्हटलं, सांग.

"ती विचारते, माझ्या आईला शेवटची आंघोळ कोणी घातली असेल?"

मग मात्र आम्ही मायलेकी रडलो.

११ सप्टेंबर

ती जेवली नाही. मीही नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार

मला सुचेना, हिच्यासाठी करायचं काय. आमच्यात तेरावं करतात, त्यांच्यात काय ते मला माहीत नाही. शेवटी मागच्या गल्लीतल्या शमीमभाभीकडे गेले. माझे ब्लाउज तीच शिवते. तिने मशीन थांबवलं, ओढणी घेतली, आणि काही न विचारता माझ्याबरोबर निघाली. आतल्या खोलीत दोघी बसल्या. एकीची उर्दू, एकीची कोणती ती डोंगरातली बोली. पण दुआ म्हणायला लागल्या तर शब्दन् शब्द एक! मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. फादमा तेव्हा रडली. मोठ्याने रडली. बरं झालं.

शमीमभाभी जाताना म्हणाली, "बच्ची को अकेला मत सुलाना." आज माझ्याच खोलीत झोपणार आहे.

१३ सप्टेंबर, बुधवार

शिष्यवृत्तीच्या ऑफिसने तिकीट पाठवलं. हे आणि वर्षा तिला मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला गेले. मी इज्जासाठी माझी शाल दिली, दुसरं हाताला काही लागलं नाही. फादमा वाकून पाया पडायला लागली. वर्षाने शिकवलं असणार. मी मधेच धरली. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून तिचा हात माझ्या हातात होता.

आणि रिकाम्या फलाटावरून परत येताना मी काय ठरवलं, तर वर्षाला पाठवायचं नाही. ही पोरगी परदेशात होती म्हणून तिला आईचं तोंड पाहता आलं नाही. माती देता आली नाही. माझ्यावर ही पाळी नको, वर्षावर तर नकोच.

१४ सप्टेंबर

पोळा. मातीची बैलजोडी पुजली. पुरण केलं, जास्तच झालं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसातून फोन. मला वाटलं होतं ते सगळं आपोआप रद्द झालं असेल. गावच उरलं नाही तर राहणार कुठे! पण नाही. तिथले जुने झरे भूकंपाने हलले, काही आटले, पाटाचं पाणी गावापर्यंत येत नाही. लोक तंबूत राहतात आणि पाणी टँकरचं. चार-पाच देशांतले विद्यार्थी मिळून कोणतं पाणी कुठे गेलं ते शोधणार आहेत. वर्षाची जागा कायम, यायचं असेल तर.

"आई, मला हेच तर येतं!" वर्षा म्हणाली. "इथं बोगद्यात दोन वर्षं मी दुसरं काय केलं?"

मी नाही म्हटलं.

"आई, सुन तो ले."

"ऐकलं. नाही म्हणजे नाही."

हे म्हणाले, "अव, इतक्या लांबून लेकरं चालली तिथं…"

"मग तुम्ही पाठवा. मला विचारू नका."

८ ऑक्टोबर

वर्षा सकाळी म्हणाली, "तू नाही म्हणशील तर मी जाणार नाही. पळून थोडीच जाणार? पण मग मला हस म्हणू नको."

१३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन झालं. वर्षाने रांगोळी काढली, फराळ केला, सगळं केलं. विचारलं तेवढंच बोलते. मी जिंकले म्हणायचं. घरात दोन बायका आणि आवाज फक्त टीव्हीचा. हेही आता मध्ये पडत नाहीत, जेवून उठतात. ऑफिसला महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. वर्षाने अजून कळवलेलं नाही. मीही विचारत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

फादमाचा फोन आला. वर्षाशी नाही, माझ्याशी बोलायचं म्हणाली. वर्षा मधे बसून सांगत होती. मी आधीच म्हटलं, फादमा, रागवू नको, तुझ्यासारखं माझ्या पोरीचं व्हायला नको, म्हणून मी तिला पाठवत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग हळूहळू बोलली. वर्षा एकेक वाक्य सांगत गेली.

"ती म्हणते, मला भारतात यायचंच नव्हतं. घाबरले होते. निघायच्या दिवशी बॅग उघडून कपडे परत बाहेर काढले. आईने ते परत भरले, बॅग स्वतः उचलली आणि मला खाली रस्त्यापर्यंत सोडलं. म्हणाली, जा."

मी म्हटलं, पुढे सांग.

"ती म्हणते… आम्ही तिघी एकाच खोलीत झोपायचो. मी भिंतीच्या कडेला. पहिली तीच भिंत पडली."

तिकडे वारा ऐकू येत होता, तंबूचं कापड फडफडत होतं.

मी उठले. माळ्यावरून मोठी बॅग काढली, झटकली आणि वर्षाचे गरम कपडे भरायला घेतले.