रोपं लागेपर्यंत

बाबा, यंदा ऐन कुवारात, भर आश्विनात, मी रोपवाटिका सोडून आठ दिवस अकोल्याला मैत्रिणीकडे राहून आले. तुम्ही असतात तर जाऊ दिलं नसतं, म्हणून आधी हेच सांगते. कोबी, टोमॅटो, वांगी, कांदा, सगळ्यांचे वाफे भरलेले, पाऊस परत गेलेला, वरून ते चटके देणारं ऊन आणि काळी जमीन भेगाळायला लागलेली. नेमक्या अशा दिवसांत मी बॅग भरली. सगळं कामाला येणाऱ्या काकूच्या हवाली केलं आणि परतवाड्याहून येणाऱ्या एसटीला हात दाखवला. बाई, कसली धास्तावले होते मी! अमरावती येईपर्यंत दोनदा काकूला फोन केला. ती हसून म्हणाली की अजून तुमची गाडी दिसून राहिली, इतक्यात काय मरते?

अकोला म्हटलं की तुम्हाला आठवणारच. शाळा संपल्यावर या मैत्रिणीचा आणि माझा, दोघींचा तिथं नर्सिंगला नंबर लागला होता, आणि त्याच कुवारात तुम्हाला कावीळ झाली. तुम्ही निंबाखाली बाजेवर पडलेले, डोळे पिवळेजर्द. मी उसाचा रस घेऊन उभी आहे आणि तुम्ही माझ्याकडे न बघता वाफ्यांकडे बघून म्हणता, "रोपं लागू दे, मंग जाय." रोप लागणं म्हणजे मातीत मूळ धरणं, फार तर पंधरा दिवसांची गोष्ट. मी थांबले. मैत्रीण गेली. रोपं लागली, विकली गेली, तोवर माझी जागा भरली होती. पुढच्या वर्षी तुम्ही ठणठणीत होतात, तरी कुवार आला तसं तेच वाक्य आलं. जाऊ नको असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते. मैत्रीण ज्या दिवशी गेली, त्याच संध्याकाळी तुम्ही टीनवाल्याकडून माझ्या हाताच्या मापाची लहान झारी करून आणलीत. मी तीही हसतमुखानं घेतली. आता विचार केला की अंगाचा तिळपापड होतो.

शिकवलंत मात्र चांगलं, ते नाकारत नाही. रोप लावायचं ते उन्हं कलल्यावर, बुडाशी माती दाबायची, वर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची सावली करायची, पाणी द्यायच्या आधी मातीत बोट खुपसून बघायचं. एकदा भर दुपारी कोबीनं माना टाकलेल्या पाहून माझा जीव कळवळला आणि मी झारीनं पाणी घातलं. तुम्ही धावत आलात, झारी हिसकावलीत. "पोरी, तू रोपाले वाचवून नाही राहिली, शिजवून राहिली." गिऱ्हाइकांसमोर बोललात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी माना टाकणारच, संध्याकाळी आपोआप उचलतात, हे मग समजावून सांगितलंत. त्यानंतर माझ्या हातून रोप मेलं नाही. आणि मी नसले तर सगळी मरतील, हे डोक्यात पक्कं बसलं. तुम्ही बसवलं, असंच मी धरून चालले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर कुवारात मीच स्वतःला सांगते, रोपं लागू दे.

मैत्रीण आता निवृत्त झाली आहे. अकोल्यात मुलींचं वसतिगृह चालवते. तिला तिथं राहून मुलींकडे बघणारं माणूस हवंय. आठ दिवस राहून बघ, जमलं तर दिवाळीपासून कायमची ये, असं तिचं म्हणणं. तर बाबा, मला जमलं. दुपारी मी चक्क झोपले. पाच वाजले की हात शिवशिवायचे, तेव्हा तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे, पण तेवढंच. एका मुलीला ताप भरला, तिच्या कपाळावर मी पट्ट्या ठेवत बसले. ती अर्धवट डोळे उघडून म्हणाली, "मावशी, तुम्ही नर्स होत्या का?" मी हो म्हटलं. आयुष्यात एवढं गोड खोटं मी बोलले नव्हते. निघताना मैत्रीण म्हणाली, "अवं, ये आता. खोली ठेवली तुह्यासाठी." येते म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

परत आले तर काकू वाफ्यात पाणी देत होती. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, एकेक वाफा फिरून पाहिला. बोट खुपसून पाहिलं. ओल बरोबर. पानं टवटवीत. "एकबी नाही मेलं, ताई," ती कौतुकानं म्हणाली, "तुमी जा बिनधास्त. मी हाय ना." तिला शाबासकी द्यायची सोडून मी तिच्यावर डाफरले, नळी कशी धरलीस म्हणून. राग येत होता मला, बाबा. एखादं तरी मरायला हवं होतं. मरत नव्हतीच तर मग इतकी वर्षं मी इथं कशाला थांबले होते?

तिथंच उभ्या उभ्या मैत्रिणीला फोन लावला. म्हटलं, अर्धी रोपं करपली गं, आता मला हलता यायचं नाही. ती फक्त बरं म्हणाली. काकूनं सगळं ऐकलं. तिनं नळी बंद केली, पदराला हात पुसले आणि हळूच विचारलं, "करपली ते कोणती, ताई?"

मी बॅग घेऊन तशीच घरात आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही मला अडकवून ठेवलं, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले, मैत्रिणीलाही. या वेळी तुम्ही नव्हतात, बाबा. मीच होते.