सायकलवरचा ढावलो

पुसद,
ता. ९ मार्च १९६४

प्रिय हंसा,

हे पत्र घरात वाचू नकोस. गोठ्यामागं जा, एकटीनं वाच, आणि कुणी विचारलंच तर सांग की धनीनं लोणच्याची कृती पाठवली आहे. काल आपल्या काकांचा सेवादास इथल्या बाजाराला आला होता. त्यानं सांगितलं की तुझी सगाई ठरली, तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर गूळसुद्धा वाटून झाला. मी विचारलं, हंसा कशी आहे? तर म्हणे, पोराकडं बारा एकर ओलित आहे. मी पुन्हा विचारलं, अरे पण हंसा कशी आहे? तर म्हणे, दोन बैलजोड्या आहेत. मग मी नाद सोडला. पण तेव्हापासून माझं कशात मन लागेना. सकाळी चहात मीठ टाकलं, आणि तुझ्या भाऊजींनी तो मुकाट्यानं पिऊनही टाकला. म्हणून म्हटलं, माझ्या वरातीची खरी गोष्ट हंसाला सांगून टाकावी, आणि आजच सांगावी.

तुला घरी काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. वाटेत पोलिसांनी वरात अडवली, काहून तर म्हणे सायकलींना दिवे नव्हते. अगं, भर दुपारी दिवे कोण पाहतो? ती कहाणी मीच रचली, आणि वरातीतल्या सगळ्या पोट्ट्यांना सेवाभायाची शपथ घातली की तांड्यात दुसरं काही बोलायचं नाही. तू तर तेव्हा गोवरानं फणफणत पडलेली, मला निरोप द्यायलासुद्धा उठू शकली नाहीस.

सायकली पाहून जो गोंधळ झाला तो मात्र तुझ्या कानी आला असेल. तुझ्या भाऊजींचं भाड्याच्या सायकलींचं दुकान, दोस्त सगळे सायकलवाले, तेव्हा नवरदेव बैलबंडीत बसून येतो कशाला? चांगल्या वीसेक सायकली, हँडलला कागदी फुलं, घंट्या वाजवत तांड्यात शिरल्या आणि कोंबड्या छपरावर चढल्या. नायक असा भडकला की विचारू नकोस. आपल्या आजेपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, आणि तांड्याची लेक आता लोखंडावर बसून जाणार? शेवटी तोड निघाली. मी बैलावर उभी राहून हवेली गायची, तांड्याचा निरोप रिवाजाप्रमाणं घ्यायचा, आणि शिवेबाहेर गेल्यावर सायकलच्या कॅरिअरवर बसायचं. बायामाणसं आणि आहेर मागून बंड्यांतून येणार होते.

हवेली झाली, पण ढावलो कुठं संपतो? आपल्या तांड्यातल्या म्हाताऱ्या धुरपताबाईनं मला सारा हिवाळा तो शिकवला होता. माहेरच्या एकेका माणसाचं, विहिरीचं, झाडाचं नाव घेऊन रडत गायचं, आणि जी नवरी लवकर गप्प बसली तिला आईबापाची माया नव्हती असं लोक म्हणणार. डोळे कोरडे राहिले तरी चालतील, गळा कोरडा पडू द्यायचा नाही, असं ती बजावायची. मी तर ठरवूनच टाकलं होतं, सासरच्या तांड्यापर्यंत गाऊन दाखवीन. खरं सांगू, मला रडूही येत होतं आणि लय मजाही वाटत होती. पहिल्यांदाच सायकलवर बसले होते गं. उतारावर वारा घुंगटात शिरला की असा सूर निघायचा की पुढचे पोट्टे वळूनवळून पाहायचे. खड्डा आला की तो सूर आपोआप कापायचा. सायकल तुझे भाऊजीच चालवत होते. त्यांची पाठ मला दिसत होती, तोंड मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मोठ्या सडकेला लागलो आणि बंड्या पार मागं राहिल्या. त्या उन्हाळ्यात आंदोलनवाले पोट्टे सायकल-फेऱ्या काढायचे, घोषणा द्यायचे, आणि पोलीस मागं लागले की गल्लीबोळांतून पसार व्हायचे. त्यामुळं सायकलींचा घोळका दिसला की पोलिसांचं डोकं फिरायचं. एका चौकीपुढं, कोणती ते लिहीत नाही, बाबाराव नावाचे जमादार काठी आडवी धरून उभे राहिले. सगळ्यांना उतरवलं. शिपायांनी एकेका चाकाची हवा सोडली आणि व्हॉल्व्ह काढून जमादारांच्या टोपीत जमा केले. झेंडे कुठं लपवले म्हणून पिशव्या उलट्या केल्या, तर त्यांतून निघाला चिवडा. एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. घुंगटातली एकटी पोर, भोवती हे एवढे पुरुष, बाईमाणूस एक नाही, आणि पोर टाहो फोडून रडते आहे. सूर मध्येच तोडायचा नाही हे मी घोकलेलं, मग मी थांबते कशाला?

आमच्यातला एक दीडशहाणा, फुलचंद, पुढं झाला आणि म्हणाला, साहेब, तिचं काई नाई, तिले चार महिने रडायले शिकवलं हाये. झालं. पोरगी पळवणारी टोळीच हाती लागली असं जमादारांना वाटलं. त्यांनी तुझ्या भाऊजींची गचांडी धरली, नाव विचारलं, आणि किसनसिंग ऐकताच आपल्या बंजारा जातीलाही दोन शब्द ऐकवले.

मग ते माझ्याजवळ आले आणि आवाज एकदम खाली आणला. हंसा, मी त्यांचे शब्द आहेत तसे लिहिते. म्हणाले, बाई, भेऊ नको. तू आपल्या मर्जीनं चालली काय? नाई म्हटलं तरी चालते. तू नाई म्हण, या साऱ्यायले इथंच बसवतो आन् तुले तुया मायपाशी नेऊन देतो.

माझा ढावलो तिथं तुटला. अगं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. बापूंनी नाही, याडीनं नाही, नायकानं तर नाहीच. ज्यानं विचारलं त्यानं सगळं चुकीचं समजून विचारलं होतं, पण विचारलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर सायकली, नायक, वाटलेला गूळ, सगळं जागच्या जागी थांबलं असतं. मला भीती वाटली आणि भीतीहून जास्त आनंद झाला, तो मला आजही नीट सांगता येत नाही. पण हो म्हणावं तर कुणाला हो? म्हणून मी म्हटलं, जमादारसाहेब, पयले मले त्याचं तोंड पाहू द्या.

आणि सगळ्यांच्या देखत मी घुंगट वर केला. समोर घामानं निथळणारा माणूस, पागोटं सुटलेलं, नखांत वंगण. मला वाटलं आता हा शपथा घेईल, जमादारांच्या पाया पडेल, नाहीतर माझ्यावर डोळे वटारेल. त्यानं जमादारांकडं पाहिलंच नाही. मला म्हणाला, तुयी मर्जी नसंल तं मीच तुले वापस नेऊन देतो. फक्त एका सायकलीत हवा भरू दे.

मी हो म्हटलं. एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या पानठेल्यावरची माणसं उभी राहिली. जमादारांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, आणि ते म्हणायला इतकं गोड लागलं की त्यांनी तिसऱ्यांदा विचारावं असं वाटत होतं. मग शिपायांनीच पंप मारमारून हवा भरली. मी कॅरिअरवर बसून परत गळा काढला तर जमादार दचकून धावत आले. त्यांना म्हटलं, आता हे रिवाजाचं आहे, जाऊ द्या.

तर हंसा, बारा एकर ओलित मी ऐकलं, बैलजोड्या ऐकल्या. पोरगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेलं नाही, आणि माझी खात्री आहे की तूही पाहिलेलं नाहीस. तुझी वरात बंड्यांतून जाईल आणि तिला कुणी अडवणार नाही, कारण बंडीतल्या नवरीचं रडणं सगळ्यांना रिवाजाचंच वाटतं. माझ्या वाट्याला चुकून एक जमादार आला. तुझ्या वाट्याला चुकून कुणी येईल म्हणून मी वाट पाहत बसणार नाही. हे एवढं सगळं लिहिलं ते एकच विचारायला. तू आपल्या मर्जीनं चालली काय? हो असेल तर हो लिही, मी नाचत येईन. नाही असेल तर नाही लिही. बापूंच्या आणि नायकाच्या पुढं मी उभी राहीन, तुझे भाऊजीही राहतील, त्यांना मी विचारून घेतलं आहे. आता फक्त तुलाच विचारायचं राहिलं होतं.

उत्तर तुझ्याच हातचं हवं म्हणून बसलेली,
तुझीच
धनी