तेवीस गोळ्या

१२ जानेवारी, रविवार

किकवीचं स्थळ गेलं.

मुलगी समोर आली, चहा दिला, वर बघितलं. डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या वर. ती नजर मला आता लगेच कळते. तिच्या मावशीनं तर सरळच विचारलं, "वय एकतीसच ना नक्की?" एकतीसच! शाळेचा दाखला आणू का?

संध्याकाळी मध्यस्थांचा फोन. मुलीला आणखी शिकायचंय म्हणे. मागच्या दोघींनाही शिकायचंच होतं. तालुक्यात शिक्षण फारच वाढलंय.

आई म्हणाली, "टोपी घालून गेला असतास तर?"

"घरात बसून टोपी?"

"मग? लग्नात फेटा असतोयच की!"

१४ जानेवारी

दुपारी कचेरीत कुणी नव्हतं. टेप घेऊन भुवईपासून केसांपर्यंत मोजलं. साडेनऊ सेंटिमीटर. गेल्या वर्षी पावणेनऊ होतं. भूमी अभिलेखात नोकरी, लोकांच्या जमिनी मोजायच्या. ही पण मोजणीच.

१७ जानेवारी

इरफान आमच्याकडे नकाशे सांभाळतो. पंचविशीतच चकचकीत टक्कल पडलेला, आणि कचेरीतला सगळ्यात सुखी माणूस. आज त्याला विचारलंच, केसांसाठी काही करून बघितलंस का.

"लावलं की चार महिने ते लोशन," म्हणाला. "उशीला केस फुटले, डोक्याला नाही. शेवटी गुलनाज म्हणाली, आता एक तर ती बाटली नाहीतर मी."

मग जरा गंभीर झाला. "तुला वाटतंय ना, मग डॉक्टरला दाखव. पण मोबाईलवरून काही मागवू नकोस, स्वरूप."

मागवून झालंय, हे सांगितलं नाही. दिवाळीत मागवलं होतं. आठ दिवसांत टाळूवर पुरळ. बांधावर उभं राहिलं की घामाबरोबर ते डोळ्यांत उतरायचं. बाटली फेकून दिली.

२२ जानेवारी, बुधवार

कातडीच्या डॉक्टर मॅडम दर बुधवारी पुण्याहून भोरला येतात. रांगेत मी सोडून सगळ्या बायका नि पोरं. गजकर्ण, मुरूम, खरूज. मी टोपी काढली. मॅडम हसल्या नाहीत. बरं वाटलं.

भिंग लावून बघितलं. "घराण्यातलं आहे. वडिलांचं?" हो म्हटलं. नाना तिशीतच असे झाले होते. ते जाऊन सहा वर्षं झाली. मला ते केसांसकट आठवतच नाहीत.

मग मॅडमनी नीट समजावून सांगितलं. लोशनचे प्रकार असतात. ज्यानं पुरळ उठलं त्यातला पातळ करणारा पदार्थ बाधला असेल, दुसरं देता येईल. पहिल्या महिन्यात केस उलट जास्त गळतात, घाबरायचं नाही. पण पुढच्या बाजूला त्याचा गुण कमी. दुसरी गोळी, फिनास्टेराइड. रोज एक. आहेत ते केस टिकतात, थोडे परत येतात, पण चार-सहा महिने वाट बघायची. सोडली की पुन्हा गळती.

"तोटे?" मी.

"थोड्या पुरुषांत इच्छा कमी होते. काहींना मन उदास वाटतं. वीर्यातली बीजं कमी होऊ शकतात. बहुतेकांचं गोळी थांबवली की पूर्ववत होतं. काही जण म्हणतात, थांबवूनही राहिलं. असे थोडे आहेत, पण मी लपवणार नाही. लग्न व्हायचंय ना? विचार करून या. आणि रक्त देत असाल तर गोळी चालू असताना द्यायचं नाही. बंद केल्यावरही महिनाभर नाही."

मी मान डोलावली. टोपी घालून बाहेर पडलो.

२३ जानेवारी

जे काल बोललो नाही ते इथं.

कॉलेजात शिबिरात रक्त दिलं. ओ गट लिहिला. महिन्यानं रक्तपेढीचं पत्र, परत या. माझं रक्त ओ नव्हतंच. बॉम्बे ग्रुप. दहा हजारांत एखाद्याचा. आम्हाला फक्त आमच्यातलंच चालतं, दुसऱ्या कुणाचं एक थेंबही नाही. तेव्हापासून अकरा वेळा गेलोय. पुणे, सातारा, एकदा तर सोलापूर. अनोळखी माणसं फोन करतात, मी एसटीत बसतो.

माझ्यात दुसरं काही दहा हजारांत एक नाही. चेहरा नाही, पगार नाही. हे एवढंच. पण हे बघायला आलेल्या मावशीला कसं दाखवायचं?

२६ जानेवारी

झेंडावंदन. सगळ्यांनी टोपी घातलेली. एक दिवस सुखाचा!

२ फेब्रुवारी, रविवार

आईनं जास्वंदीच्या पानांचा लगदा थापला. "तुझ्या नानांना बी लावायची म्या."

"गुण आला होता का?"

"न्हाई. पर ते गप बसायचे तेवढा येळ."

मीही गप बसलो. विचार करत होतो. वर्षातून एखाददाच येतो फोन. रक्तपेढीच्या यादीत माझ्याखेरीज माणसं आहेत. लोशन पुढं लागत नाही, आणि सगळे पुढंच बघतात. उदास वाटायचं म्हणाल तर आत्ता काय मी नाचतोय? इच्छेचं... ते कुणाजवळ बोलू? इरफानला विचारलं असतं तर तो हसला असता आणि मग आठवडाभर हसत राहिला असता.

एक वर्ष. लग्न जमेपर्यंत. मग सोडू.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहानंतर पहिली गोळी. मसुरीच्या डाळीएवढी. काहीच वाटलं नाही. काय वाटायला पाहिजे होतं?

१९ फेब्रुवारी

दहावी. केस तेवढेच. रोज स्वतःला तपासतोय. थकवा आहे का? आहे. पण काल वेल्ह्याचा घाट दोनदा चढलो. मन उदास आहे का? की उदास आहे का, उदास आहे का, असं बघत बसलो म्हणून झालंय? गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद घडी करून कपाटावर टाकला. वाचून वाचून मला बायकांचे आजारही होतील.

२७ फेब्रुवारी

उशीवर आज सहाच केस. सहा!

४ मार्च, मंगळवार

घरी यायला रात्र झाली, तरी लिहितो.

वेल्ह्याला माणूस कमी म्हणून आठवड्यातले दोन दिवस मला तिकडं पाठवतात. आज वरच्या एका वाडीत मोजणी. दोघे सख्खे भाऊ, मध्ये बांध, बांधावर आंबा. भांडण आंब्याचं. यंत्र लावत होतो तेवढ्यात साताऱ्याच्या रक्तपेढीतून डॉक्टरांचा फोन.

"स्वरूप ना? किती वेळात पोचाल? चोवीस वर्षांची बाई आहे. सातवा महिना. रक्तस्राव थांबत नाही. गट तुमचाच."

"निघालोच," म्हणालो.

उतारावरून वीसेक पावलं गेलोही. गोळीची आठवण मग झाली, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. "निघालोच" म्हणतानाच माहीत होतं. गोळी रक्तात दिसत नाही. फॉर्मवर फक्त खूण करायची असते, औषध चालू नाही म्हणून. कुणाला कळणार?

उभा राहिलो. परत फोन लावला. सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस?"

"तेवीस गोळ्या. आज सकाळचीसुद्धा."

"बरं केलंत बोललात. हे औषध पोटातल्या बाळाला, तो मुलगा असला तर, बाधू शकतं. मी दुसरे दाते शोधतो. कुणीच मिळालं नाही तर पुन्हा फोन करीन, तेव्हा काय कमी धोक्याचं ते बघू. भाऊ, बहीण कुणी? सख्ख्या भावंडांत हा गट असू शकतो."

रत्ना! पूर्वीच गट तपासून घे म्हणून सांगून थकलो होतो. सुईला घाबरते. सारोळ्याला दिलीय, गेल्याच वर्षी. फोन केला. मला वाटलं कारणं सांगेल.

"दादा, तू पुलापाशी ये. मी हायवेला उभी राहते," एवढंच.

इकडं भावांना म्हटलं, मोजणी राहिली, जावं लागतंय. थोरला म्हणाला, "आंबा कुठं पळतोय साहेब. तुमी जावा." धाकट्यानं यंत्र उचलून गाडीला बांधून दिलं. सकाळपासून एकमेकांकडं न बघणारे दोघं!

सारोळ्याला रत्नाला मागं बसवलं. दोनच्या सुमाराला सातारा. तिचं रक्त तपासायला घेतलं. डोळे गच्च मिटून बसली, पण हात ओढला नाही. मी बाहेर बाकावर. शेजारी मळकं धोतर, साठीचे गृहस्थ. त्या बाईचे वडील, गेनबा. माझा गट तोच, हे नर्सकडून त्यांना कळलं होतं.

"तुमीच का ते? मग आत का जाईना?"

गोळीचं सांगितलं. कशाची तेही सांगितलं. माझ्या डोक्याकडं बघितलं त्यांनी. राग नव्हता. तेच जास्त लागलं.

"केसासाठी?"

"हो."

जरा वेळानं वाकून हळूच म्हणाले, "आमी कुणाला बोलत न्हाई. तुमी बी बोलू नगा. द्या रगत."

"बाबा, बाळाला त्रास होईल."

"बाळाचं मागनं बगू. आदी माझी पोर हाय."

म्हटलं, "डॉक्टरांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले की त्या क्षणी आत जातो. तोवर इथनं हलत नाही." त्यांनी मान हलवली. आम्ही दोघं बसलो. त्यांनी तंबाखूची चंची काढली, मळली नाही, तशीच धरून ठेवली.

साडेतीनला रत्ना बाहेर आली. गट माझाच! पण अंगात रक्त साडेदहाच, घेता येत नाही म्हणाले. रडायला लागली. "एवढं आले, आणि अर्धवटच निघाले!"

पावणेपाचला जिन्यावरून एक बाई धापा टाकत वर आल्या. इचलकरंजीच्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या. पन्नाशीच्या असतील. कुणाशी बोलल्या नाहीत. पदर खोचला, "कुठं झोपू?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

गेनबा उठून त्या दारासमोर उभे राहिले. त्या बाहेर येईपर्यंत बसले नाहीत.

५ मार्च

गोळी घेतली नाही.

६ मार्च, गुरुवार

रक्तपेढीचा फोन. बाई वाचली. बाळ काचेच्या पेटीत आहे, पण ठीक आहे.

मुलगी झाली.

म्हणजे माझं रक्त चाललं असतं. इरफानला सांगितलं. तो म्हणाला, "परवा कुणाला माहीत होतं? परवा जे माहीत होतं त्यावर तू बरोबर वागलास. झालं." आणि पहिल्यांदाच माझ्या केसांवरून चेष्टा केली नाही.

१२ मार्च, बुधवार

मॅडमना सगळं सांगितलं. "पहिल्याच दिवशी का नाही बोललात?" म्हणाल्या. बरोबर आहे. लोशन रक्ताच्या आड येत नाही. दुसऱ्या प्रकारचं लिहून दिलं. "पण गोळी घेणं गुन्हा नाही हं," म्हणाल्या. "पुष्कळ जण घेतात, बरे असतात. तुमचं रक्त तुमचं आहे. देणं हे दान आहे, कर नाही."

हे वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळत होतं.

१४ मार्च

धुळवड. रत्ना आणि दाजी आले होते. ती लोहाच्या गोळ्या घेतेय, बीट खातेय, जीभ लाल करून दाखवत होती. "अंगातलं रक्त वाढलं की यादीत माझं नाव. मग दादा, तू मोकळा! वाढव किती वाढवायचे ते केस."

दोघं आहोत आता. हे आधी सुचलंच नव्हतं. एवढी वर्षं सगळं एकट्यावर आहे असं धरून चाललो होतो.

२५ मार्च

नवीन लोशन. पुरळ नाही. केस मात्र मूठभर गळतायत. घाबरायचं नाही म्हणाल्या होत्या. घाबरलोय.

५ एप्रिल

महिना झाला. आजपासून मी पुन्हा रक्ताला चालतो. फोन नाही. बरंय.

१३ एप्रिल, रविवार

आंबवड्याचं स्थळ आलंय. मुलगी अंगणवाडीत. फोटो बघून होकार कळवलाय म्हणे, पण फोटो चार वर्षांपूर्वीचा! आईनं मुद्दाम तोच दिला. मी चिडलो. ती म्हणाली, "मंग काय खोटा हाय का त्यो? तूच हाईस की."

अक्षय तृतीयेला बघायला येणार.

१६ एप्रिल, बुधवार

पुष्कळ विचार केला. घाईनं नाही. जेवण करून, ओट्यावर शांत बसून. तेवीस दिवसांत गोळीनं मला काही त्रास दिला नव्हता. यादीत रत्ना येतेय. इचलकरंजीच्या बाई आहेत. केस हवेसे वाटणं हा काही गुन्हा नाही. मुलीला मात्र गोळीचं आधीच सांगायचं, फोटोचंही. मग ती जे म्हणेल ते.

मॅडमकडून चिठ्ठी घेतली. गोळ्या आणल्या. सोमवारी सुरू. हलकं वाटतंय.

१९ एप्रिल, शनिवार

रत्नाचा फोन. दिवस गेलेत तिला. दोन महिने पुरे झाले. तिच्या डॉक्टरांनी गट बघितला आणि विचारलं, बाळंतपणात लागलं तर या गटाचं घरात आणखी कोण आहे?

तिनं माझं नाव सांगून टाकलंय. मला विचारलंसुद्धा नाही.