फळ्यांमधली फट

३ मार्च

हो म्हणून बसले! फोन ठेवल्यावर जीभ चावली, पण शब्द तर गेला होता.

काम लष्कराच्या चौकशी समितीचं. गेल्या महिन्यात जळालेल्या दारूगोळ्याच्या कोठाराचं मॉडेल हवंय — कोठार, पहाऱ्याची खोली, फाटक आणि टॉवर. तोच टॉवर. त्या दुपारी तिथे माझ्या धाकट्या भावाचा पहारा होता. त्याचा जोडीदार कोठाराच्या दारात जळून गेला.

समितीच्या साहेबांना माहीत नाही की मी त्या पहारेकऱ्याची बहीण. माझं आडनाव सासरचं. माणूस राहिला नाही, आडनाव राहिलं.

धाकटा सक्तीच्या रजेवर, माझ्याकडेच, आतल्या खोलीत. त्याला सांगितलं तेव्हा तो टॉवेलला हात पुसत होता. पुसतच राहिला.

"घे की ताई काम. कुणीतरी करणारच."

बरोबर आहे.

५ मार्च

साहेब आले होते. जाड भिंगांचा चष्मा, हळू आवाज. ओरडणारा माणूस परवडला. हळू बोलणाऱ्याची मला भीती वाटते.

आतल्या खोलीचं दार मी आधीच ओढून घेतलं होतं. चहा करताना दोनदा तिकडे पाहिलं.

काय कशाचं करायचं ते ठरलं. सिमेंटच्या भिंतींना प्लास्टर. विटांना कॉर्क — त्यावर सुईने रेघा ओढल्या की हुबेहूब विटा. छपराच्या डांबरी कागदाला बारीक पॉलिशपेपर. शिडीला तांब्याची तार. मग साहेबांचं बोट नकाशातल्या टॉवरवर आलं. वरच्या खोलीच्या कोठाराकडच्या बाजूला वारा अडवायला फळ्या ठोकल्या होत्या. नकाशात तिथे नुसती एक रेघ. आगीत टॉवर गेला, फळ्यांची राख झाली.

"या कशाच्या करणार?"

"लाकडाच्या," मी म्हणाले. सवयीने! बाबांचा नियम — जे ज्याचं, ते मॉडेलातही त्याचंच, जमेल तिथे. पुठ्ठा ऐकून घेतो, लाकूड स्वतःचं चालवतं, म्हणायचे.

"टॉवरची मागची भिंत काढता येईल अशी ठेवा बाई. समिती तिथे डोळा लावून बघणार. पहारेकरी म्हणतो फळ्या गच्च होत्या, कोठाराकडचं काहीच दिसत नव्हतं. फटी असतील तर त्याला धूर दिसायलाच हवा होता. मग त्याने घंटा का नाही वाजवली?"

मी पट्टी उचलली. खाली ठेवली. परत उचलली.

"आणि खाली जो गेला," साहेब म्हणाले, "तो तिथे सिगरेट ओढायला गेला असावा असं सगळे धरून चाललेत. त्याची आई रोज आमच्या पायरीवर येऊन बसते. म्हणते, माझ्या लेकाने आयुष्यात सिगरेटला हात लावला नाही."

जाताना दारात थांबले. "समितीतल्या एकानेही तो टॉवर पाहिलेला नाही. तुम्ही कराल तोच त्यांचा टॉवर."

६ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रस्त्यात गाडी थांबली की वाटतं — आलेच.

९ मार्च

हात कामाला लागले की भीती जरा मागे सरते.

कोठाराच्या भिंती उभ्या राहिल्या. फळ्यांसाठी जुन्या खोक्याच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, आगकाडीहून थोड्या रुंद. जुनाट दिसाव्यात म्हणून कडक चहात भिजत घातल्या.

धाकटा पहिल्यांदाच टेबलापाशी आला. वाटीत डोकावून म्हणाला, "तुझी फौज चहात पोहतेय. आत्ता प्यायलो असतो मी!"

किती दिवसांनी हसलो दोघं. तेवढ्यात त्याची नजर तारेच्या शिडीवर गेली. बोटभर उंचीची शिडी! तरी कपाळावर घाम. लहानपणापासून तसाच आहे. माळ्यावरचा बॉल, वह्या, काय हवं ते मीच चढून काढून द्यायचे, आणि हा खाली शिडी धरून डोळे मिटून उभा. भरतीत कसा निभावला देव जाणे. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "डोळे मिटूनच!"

पट्ट्या ओलसर असतानाच चिकटवल्या. घाई नडते हे मला कळायला हवं होतं. पण दिसल्या सुंदर. गच्च, एकीला एक लागून. फट म्हणून नाही! मी खुळ्यासारखी टाळी वाजवली.

११ मार्च

फटी पडल्या.

दोन दिवस मॉडेल खिडकीत उन्हाला होतं. लाकूड वाळलं, आकसलं. प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी रेघ. मागून डोळा लावला — कोठाराचं दार समोर. सरळ. स्वच्छ.

साहेबांचे कागद पुन्हा काढले. टॉवरच्या फळ्या ठोकल्याची नोंद भर पावसाळ्यातली. ओलं लाकूड. आग लागली तेव्हा चार-पाच महिने कोरडे गेलेले.

मला काही नव्याने शिकायचं नव्हतं. बापाने लाकूडच शिकवलं. मला पाच तारखेलाच कळलं होतं बहुतेक. म्हणून तर झोप नव्हती.

म्हणजे धाकट्याला दिसलं होतं. वर उभा राहून धूर बघत राहिला, आणि घंटा वाजवली नाही? हा? शेजारचं कुत्रं लंगडलं तर दोन दिवस न जेवणारा?

विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही माझ्यात.

१२ मार्च

पुठ्ठा कापला. वर सुईने फळ्यांच्या रेघा ओढल्या, चहा-शाईचा हात दिला. तासाभरात झालं. लाकडाहून देखणं! उन्हात ठेवून पाहिलं. ढिम्म हललं नाही. पुठ्ठा ऐकतो.

बसवलं टॉवरला. लाकडाची बाजू पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवून आले. फेकवेना. आणि धाकट्याच्या हाती लागायला नको — माळ्याइतकी सुरक्षित जागा या घरात नाही.

शिडीवरून उतरले तर हा मागे उभा.

"काय ठेवलंस गं वर?"

"जुनं सामान."

आयुष्यात याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. की तो आधी बोललाय माझ्याशी?

१३ मार्च

साहेबांचा फोन. गाडी सोळाला सकाळी आठ वाजता येणार. "फळ्या लाकडाच्याच केल्यात ना?"

"हो."

इतकं सोपं असतं!

ती पायरीवर बसणारी बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. चेहरा माहीत नाही, तरी हलत नाही.

१५ मार्च

दुपारी शेवटचा हात फिरवत होते. धाकटा आला, स्टूल ओढून बसला. "बघू का?"

मी टॉवरची मागची भिंत काढून दिली. वाटलं, पुठ्ठा ओळखणार. पण त्याने पुढे पाहिलंच नाही. डोळा लावला आणि डावीकडच्या खिडकीतून खाली बघत राहिला. किती वेळ!

"ताई, इथून पहाऱ्याच्या खोलीची पायरी दिसते."

"दिसणारच. मोजून केलंय."

"म्हणजे मी त्याला दिसत होतो."

मी ब्रश खाली ठेवला.

"कुणाला?"

मग तो बोलला. डोळा मॉडेलवरून न काढता. वर तो कधी चढलाच नव्हता. एकदाही नाही. पाळी याची असली की जोडीदार म्हणायचा, "तू बस पायरीवर, उंदरा, मी जातो वर." कुणाला कळू दिलं नाही त्याने. त्या दुपारी त्यालाच फटीतून धूर दिसला. घंटेची दोरी कुजून तुटलेली. तो शिडीवरून घसरतच खाली आला, "पाणी आण!" म्हणून ओरडला आणि कोठाराकडे पळाला.

"आणि तू?"

"माझे पाय उठेनात."

एवढंच. रडला नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट ओलाचिंब.

"मला वाटायचं त्याला वरून मी दिसत नसेन," म्हणाला. "मी तिथे डोळे मिटून बसायचो ना. सगळं बघत होता तर."

मग मी बोलले. बोलायला नको ते बोलले. पुठ्ठ्याचं सांगितलं. खरी बाजू माळ्यावर आहे, सांगितलं. आणि म्हणाले — जाऊ दे तसंच, मला एकच भाऊ आहे.

तो म्हणाला, "त्याच्या आईला पण एकच होता."

उठला आणि आत गेला. मला राग आला त्याचा. खरंच आला. आता भीती वाटतेय — कसली ते लिहवत नाही. त्याच्या खोलीला आतून कडी आहे. तीन हाका मारल्या. तिसरीला "हूं" आलं.

१६ मार्च

सहाला जाग आली. त्याच्या खोलीचं दार सताड उघडं, आत कुणी नाही.

बाहेरच्या खोलीत शिडी माळ्याला लावलेली. वर पत्र्याचा डबा उघडा, रिकामा. पुठ्ठ्याची बाजू टेबलावर, नीट, उताणी.

खिडकीतून पाहिलं. गाडीला दोन तास होते. मॉडेलचं खोकं छातीशी धरून धाकटा फाटकाबाहेर उभा होता.