एकेचाळीस बिननावाच्या फाइली

नांदेड, रविवार

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम. पार्सल उघडताना दाजींनी आधी ती काळी पेटी बाहेर काढली असेल, तर ती तशीच बाजूला ठेवायला सांग आणि हे आधी वाच. क्रमानं वाच. तुला शेवटचं पान आधी बघायची खोड आहे, म्हणून सांगतो. तू माझा फोन उचलत नाहीस याची तक्रार नाही. चार वर्षं झाली, आता नुसती रिंग गेली तरी बरं वाटतं. नंबर बदललेला नाही एवढं तर कळतं. शिवाय फोनवर मला बोलता बोलता रडू येतं. लिहितानाही येतं, पण मग पेन खाली ठेवून चहा करता येतो.

तो दिवस तुला आठवतोच, पण माझ्या बाजूनं तू तो ऐकलेला नाहीस. माझा लॅपटॉप इतका मंद झाला होता की चालू करून मी आंघोळ उरकून यायचो, तरी पडदा निळाच. आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचे शिवमूर्ती सर म्हणाले, लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाका, फुकट आहे, जुनी मशीन पळायला लागते. त्यांनी दिलेला पेनड्राइव्ह लावला. मधे एका पानावर प्रश्न आला, पूर्ण डिस्क पुसायची का. मी केमिस्ट्रीच्या लॅबचा परिचर, अक्का. परीक्षानळी धुताना आत काय होतं ते आम्ही विचारत नाही, धुऊन उपडी ठेवतो. मी हो म्हणालो. अर्ध्या मिनिटात लॅपटॉप चालू व्हायला लागला तेव्हा माझी छाती एवढी फुगली की मी तुलाच व्हिडिओ कॉल लावला. तू दवाखान्यातून ड्युटी संपवून निघाली होतीस, तोंडावर मास्कचे वळ होते. माझी सगळी फुशारकी ऐकून घेतलीस आणि म्हणालीस, "चांगलंय की. मायच्या रेकॉर्डिंग कुठं ठेवल्यास मग?"

अठ्ठावन्न रेकॉर्डिंग. शेवटच्या दोन वर्षांत सुट्टी मिळेल तेव्हा लातूरहून उमरीला जाऊन, मायच्या खाटेशेजारी मोबाईल ठेवून तू केलेल्या. तुझा फोन भरला म्हणून त्या माझ्याकडं आणून ठेवल्यास, आणि पुढं तो फोन बिघडला म्हणून बदललास. म्हणजे होती नव्हती तेवढी सगळी माय माझ्या एका लॅपटॉपात होती. कॉल चालूच होता, मी शोधत होतो, आणि तुला माझ्या तोंडाकडं बघूनच कळलं. तू आवाज चढवला नाहीस. "माय एकदा गेली, आनंदा. दुसऱ्यांदा तू घालवलीस," एवढंच म्हणालीस. त्यानंतर तुझाही आवाज मी ऐकलेला नाही.

मी धावत शिवमूर्ती सरांकडं गेलो. ते म्हणाले, "आधी बंद करा ते. चालू हाय तेवढा येळ जुन्यावर नवं लिहून राहिलंय." आम्ही डिस्क काढली, कापडात गुंडाळली आणि मी ती मायच्या पानाच्या डब्यात ठेवली. एका दुकानदाराला दाखवली, त्यानं पाच मिनिटांत मान हलवली. त्यानंतर मी ती कुणालाच दाखवली नाही. तुला वाटलं असेल, यानं विषय सोडून दिला. खरं सांगू का, मला भीती वाटायची. जोवर डबा उघडत नव्हतो तोवर माय आत आहे असं म्हणता येत होतं. दर दसऱ्याला कपाट आवरताना तुझी भावजय महामाया तो डबा उचलायची, खालचं पुसायची आणि होता तिथं ठेवायची.

यंदा उन्हाळ्यात कॉलेजनं जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. त्यातल्या दोन छोट्या पेट्या मी घेतल्या, एक एक पेटी डिक्शनरीएवढी. आपल्या पगारात नवं काही बसत नाही आणि माझी तेव्हा भीडही चेपली होती, कारण लॅपटॉपात दुसरी डिस्क घालून चार वर्षं मी तेच लिनक्स वापरत होतो. ज्या गोष्टीनं घात केला तीच शिकायची असं मनानं घेतलं होतं. शिकताना काय काय केलं ते सांगत नाही. एकदा तर स्वतःच्याच मशीनला असं कुलूप घातलं की मलाच आत जाता येईना. महामाया म्हणाली, "नोकरी केमिस्ट्रीची अन् संसार कॉम्प्युटरचा. आमचा नंबर कधी लागायचा?"

पण अक्का, या जगात शिरल्यावर मी थक्क झालो. हे सगळं लोकांनी लिहून ठेवलंय आणि कुणालाही घ्या म्हणून उघडं सोडलंय. ना फी, ना फॉर्म, ना जात विचारणारं कुणी. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका चर्चेच्या पानावर मी विचारलं, पुसलेल्या डिस्कमधून आवाज परत मिळतो का. एस्टोनिया नावाच्या देशातल्या एका माणसानं दोन तासांत उत्तर दिलं. तो देश मला नकाशात शोधावा लागला. तो म्हणाला, मूळ डिस्कला हात लावू नका, आधी तिची हुबेहूब नक्कल काढा आणि जे काय करायचं ते नकलेवर करा. आत काय आहे, असं त्यानं विचारलं तेव्हा मी आई असं लिहिलं. त्यानंतर आठवडाभर त्याचं प्रत्येक उत्तर एकाच वाक्यानं सुरू व्हायचं: आईची नक्कल सुरक्षित आहे ना? मी त्याला कधी बघितलेलं नाही, बघणारही नाही.

त्यानंच मला समजावलं की पुसणं म्हणजे खरं पुसणं नसतं. कॉम्प्युटर नुसता हजेरीपट फाडतो. पोरं वर्गात आपापल्या जागी बसलेलीच असतात, दुसरं कुणी येऊन त्यांच्या जागेवर बसेपर्यंत. हे वाचून मी डोक्याला हात लावून बसलो. चार वर्षं माय डब्यात गप बसून होती आणि मी तिला शोधायला घाबरत होतो.

एका शनिवारी सकाळी मी ते शोधणारं सॉफ्टवेअर चालू केलं आणि कॉलेजला निघून गेलो, कारण समोर बसवेना. दुपारी आलो तर पडद्यावर एक आकडा होता, एकेचाळीस. सतरा गेल्या, अक्का. त्यांच्या जागेवर मीच नवं बसवलं होतं. त्यातल्या पहिल्या फाइलीवर बोट ठेवलं. आधी नुसता पंखा, मग कुठंतरी भांडं पडलं, मग माय: "बुद्धप्रिया, बंद कर गं ते, चार्जिंग सरल." महामाया कणीक मळत होती. तिनं भरल्या हातानंच पदर डोक्यावर घेतला, जशी माय असताना घ्यायची. मग आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं आणि आम्ही खालीच बसलो.

आता भंगारातल्या त्या दोन पेट्यांपैकी एक, मायच्या फाइली घेऊन, आमच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या फिल्टरशेजारी अखंड चालू असते. घरातल्या कुणालाही मोबाईलवर माय ऐकता येते. ती कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी अंगावर उडायची ते सांगते, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात पहिली सही केली तो किस्सा सांगते, विहारातली गाणी म्हणते, मधेच खोकते आणि तुला पाणी आण म्हणून दामटते. मी समाधानी होतो. पण ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, पहिल्या पायरीपर्यंत आलं. लोक कागदपत्रं, गॅसची टाकी उचलत होते आणि मी पेटी छातीशी धरून माळ्यावर चढलो होतो. शिवमूर्ती सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "एकाच घरातल्या दोन नकला म्हंजे एकच नक्कल. दुसरी दुसऱ्या गावाला पायजे, भरवशाच्या माणसाकडं." मी लगेच मनात लातूर म्हणालो. दुसरं गाव आणि दुसरं माणूस मला सुचलंच नाही.

म्हणून ही दुसरी पेटी. तुझ्या टीव्हीमागं कुठंही ठेव, वायफायच्या डब्याला वायर जोड, बटण दाब. छोट्या बल्बएवढी वीज खाते. बाकी सगळं मी इथून करून पाठवलंय. दोन्ही पेट्या एकमेकींना आपोआप शोधतात आणि जे एकीत आहे ते दुसरीत ठेवतात, मधल्या वाटेत कुणालाही ऐकू जात नाही. तू त्यातलं काही पुसलंस तर इकडचंही पुसलं जाईल. सरांनी मला तसं ठेवू नका म्हणून बजावलं होतं, पण मी मुद्दाम तसंच ठेवलंय. त्या रेकॉर्डिंग तुझ्या आहेत, आणि विश्वास ठेवायची पाळी आता माझी आहे.

आता या पत्राचं खरं काम. हजेरीपट फाटला तेव्हा नावंही गेली. एकेचाळीस फाइलींवर नुसते लांबलचक आकडे आहेत. कुठली कुठल्या भेटीतली, कुठली गावच्या जयंतीच्या आदल्या दिवसाची, कुठली शेवटची, ते फक्त तुला ठाऊक आहे, कारण तिथं तू बसली होतीस आणि मी नव्हतो. तू मला दोष दिलास तेव्हा हे बोलली नाहीस, पण मला ते ऐकू आलं होतं. मी एकाही फाइलीला नाव दिलेलं नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पत्राचं उत्तरही नको. जमेल तेव्हा एक फाइल ऐक आणि आकडे खोडून तिला नाव दे. तू लातूरला नाव लिहिलंस की मिनिटभरात ते इथं नांदेडला माझ्या पेटीत दिसेल. मी रोज कॉलेजला निघण्याआधी, पायात चपला घालून, एकदा बघून जातो.

तुझाच,
आनंदा